खारट की अळणी

नाना, तुम्ही गेल्यानंतरच्या जलदानाला माणसं बरीच आली होती. मांडव पुरला नाही, शेजारच्यांच्या ओट्यावर खुर्च्या टाकाव्या लागल्या. भन्तेजींनी सांगितलं तसं तुमच्या मुलाने तांब्यातून वाटीत पाणी सोडलं, वाटी भरून ताटलीत सांडेपर्यंत. जन्मभर तुम्ही पाणी आत येऊ नये म्हणून झटलात आणि शेवटी तुमच्या नावाने पाणीच सांडायचं होतं. मला हसू आलं. पांढऱ्या साडीत, पहिल्या रांगेत बसून हसू आलं. पदर तोंडाला लावला तर मागच्या बायकांना वाटलं मी रडतेय. एकीने पाठीवरून हातही फिरवला.

खरं म्हणजे रडायला त्राणच उरलं नव्हतं. दोन महिने सकाळी दुकान, दुपारी दवाखान्यात तुमच्याजवळ, संध्याकाळी घरी पोळ्या. माणूस गेलं की घरच्यांना मोकळं झाल्यासारखं वाटतं म्हणतात, मला नुसतं दमल्यासारखं वाटतंय. दहा दिवस झाले, अजून तसंच आहे.

तुमच्या सूनबाई येणाऱ्या प्रत्येकाला माझी ओळख करून देत होत्या. "ह्या सुमनबाई. नानांच्या दुकानात सव्वीस वर्षं होत्या." होत्या म्हणे. दुकान उघडं आहे, मशीन चालू आहे, मी जिवंत आहे.

मग पंचशील सुरू झालं. पहिली तीन मी मोठ्याने म्हटली. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं, आणि मी नुसते ओठ हलवले. चार माणसं सोडून पलीकडे हात जोडून सुकदेव बसला होता. साक्रीकडचा, धरणावरचा. तुम्ही शेवटची विजार त्याच्यासाठी केलीत. त्याच्याकडे बघायची माझी हिंमत होईना. का होईना, ते तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं, म्हणून हे लिहायला बसले.

विजार हा तुमचा शब्द. ती पायातल्या गमबुटापासून छातीपर्यंत येणारी, खांद्यावर पट्ट्यांनी अडकवायची रबरी पँट. धरणात, तळ्यात छातीएवढ्या पाण्यात उभं राहून जाळं ओढणाऱ्यांसाठी. फोनवर तिला वेडर म्हणतात असं मी तुम्हाला दाखवलं, तर तुम्ही म्हणालात, "वेडा घालस तो वेडर. आपली विजार शे." मी जामनेरची. 'आहे'च्या जागी तुमचं शे-शे ऐकून पहिले सहा महिने तोंड फिरवून हसायचे. नंतर घरी मीच बोलायला लागले, तेव्हा मुलं हसली.

तुम्ही मला ती पहिली विजार दाखवली होती, तुमच्या वस्तादाने केलेली. ट्रकच्या जुन्या ताडपत्रीची, मेण आणि तेल पाजलेली. उन्हात ठेवली की पाघळायची, थंडीत जमिनीवर आपली आपण उभी राहायची. ती घालून माणूस बसू शकत नसे. मग तुम्ही ट्रकच्या फाटक्या ट्यूबा कापून पंक्चरच्या सोल्यूशनने डकवायला लागलात. ती पाणी धरायची, पण वजन एवढं की माणूस पाण्याआधी विजारीनेच दमायचा. मग रेक्झिन आलं, ते घडीवर चिरायचं. मग पीव्हीसीची ताडपत्री. मी आले ती त्या पीव्हीसीच्या काळात. नवऱ्याची मिल बंद पडली होती, मला ब्लाउज शिवता यायचे, आणि तुम्ही विचारलंत, "जाड कापड शिवशील का?" मी हो म्हटलं. पहिल्याच दिवशी तीन सुया मोडल्या. तुम्ही चौथी काढून दिलीत आणि चहा सांगितलात.

ताडपत्रीवर दुकान चालायचं. जामनेरकडचे कापूस झाकायला न्यायचे, जळगावकडचे केळीवाले खांद्यावर घ्यायला तुकडे न्यायचे, केळीच्या चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही म्हणून. विजारी वर्षाकाठी थोड्याच व्हायच्या. पण ताडपत्री शिवताना तुम्ही रेडिओ लावायचात आणि विजार शिवताना बंद करायचात. विजारीत माणूस असतो, म्हणायचात. एक जोड सुटला तर विजार पाण्याने भरते, भरली की गाळातला पाय उचलत नाही. नवीन गिऱ्हाइकाला तुम्ही हे दोनदा सांगायचात आणि कमरेचा पट्टा स्वतः आवळून दाखवायचात. पोट मोठं असलं तर त्याला श्वास रोखायला लावायचात.

आपलं पहिलं भांडण त्या जोडांवरूनच. मी म्हणायचे, गरम हवेची बंदूक आणू, पीव्हीसी वितळवून चिकटवू, सुईचं कामच नको. सुई म्हणजे भोक. आपणच भोकं पाडायची आणि आपणच पट्ट्या लावून बुजवायची, हा कुठला धंदा? तुम्ही म्हणायचात, चिकटवलेलं कधी सुटेल ते सांगून सुटत नाही, दोरा आधी कुरकुर करतो. सात वर्षं हे भांडण चाललं. शेवटी तुम्ही बंदूक आणलीत आणि दोन्ही करायला लागलात. आधी शिलाई, वरून पट्टी, पट्टीवरून गरम हवा. म्हणजे कोण जिंकलं? मी विचारलं होतं. तुम्ही चष्मा पुसत बसलात.

आणि ती चाचणी. बाहेरून भिजवून काय कळतं, आतून भरा, म्हणायचात. विजार आढ्याच्या हुकाला टांगायची, गळ्यापर्यंत पाणी भरायचं आणि खाली स्टूल टाकून बसायचं. जोडावर बाहेरून थेंब दिसला की खडूने खूण करायची. आपल्या धुळ्यात नळाला पाणी कधी येईल ते नळालाच माहीत, आणि तुम्ही विजारींना पाणी पाजताय. गल्लीतल्या बायका येऊन मला बोलून जायच्या. मग तेच पाणी एका विजारीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, तिथून ड्रममध्ये, आणि ड्रममधून फरशीला. एका ड्रमवर आपण अख्खा आठवडा काढलाय. चाचणी मात्र चुकली नाही. एकदाच चुकली.

त्याच्या आधी चव. ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

गिऱ्हाईक गोणीत विजार घालून आणायचं आणि म्हणायचं, नाना, पाणी येतंय. खरं तर निम्म्या वेळा पाणी नसायचंच. रबरात दिवसभर उभा राहिलेला माणूस घामानेच भिजतो, आणि त्याला वाटतं विजार गळते. हे ठरवायचं कसं? तुम्ही विजार खाली गोळा करून खांद्यापर्यंत हात घालायचात, गमबुटाच्या तळाला बोट बुडवायचात आणि जिभेला लावायचात. खारं शे, म्हणजे घाम. गिऱ्हाइकाने मुकाट घरी जायचं. अळणी शे, म्हणजे धरणाचं पाणी. विजार ठेवून घ्यायची, जोड उकलून नव्याने करून द्यायचा. तुमच्या जिभेवर कोणी वाद घातल्याचं मला आठवत नाही.

मला पहिल्यांदा चाखायला लावलंत तेव्हा मी शी म्हणाले. दुसऱ्याच्या पायाचा घाम. तुम्ही म्हणालात, शिकायचं तर चाखायचं. मी बोट जिभेला लावलं, खारट लागलं, तशी धावत बाहेर गटारीपाशी जाऊन थुंकले. तुम्ही आणि गिऱ्हाईक दोघं हसलात. पुढे सवय झाली, पण थुंकणं गेलं नाही. धरणाचं पाणी एक वेळ चालेल, घाम पोटात जाता कामा नये, हे माझं.

दोंडाईच्याचे ते तळेवाले आठवतात? त्यांच्या मुलाने परदेशातून विजार पाठवली होती. राखी रंगाची, हलकी, घडी करून पिशवीत मावणारी. म्हणाले, ह्या कापडातून घाम वाफ होऊन बाहेर जातो आणि पाणी आत येत नाही. तुम्ही ती बोटांत चुरगाळून पाहिलीत, कानाशी नेऊन तिचा आवाज ऐकलात. "ज्या भोकमाईन घाम बाहेर जास, त्याच भोकमाईन पाणी मझार का येत नही?" तुम्ही विचारलंत. मी फोनवर वाचून सांगितलं, भोकं इतकी बारीक असतात की वाफ जाते, थेंब मावत नाही. तुमचा विश्वास बसला नाही. मग मी ग्लासभर उकळतं पाणी घेतलं, त्यावर त्या विजारीचा कोपरा ताणून धरला आणि वर गार ताटली धरली. ताटली धुरकटली. ग्लास उलटा केला, एक थेंब गळला नाही. तुम्ही ताटलीवरून बोट फिरवलंत आणि त्या दिवशी जेवायला गेला नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या म्हणालात, "मान्य. पण माणूस पाणीमा उभा शे. बाहेर बठ्ठं पाणीच पाणी. ते घाम कथा जास?"

बाहेर सगळीकडे पाणी असताना घाम जातो कुठे? नाना, चार वर्षं झाली, मला अजून ह्याचं नीट उत्तर सापडलेलं नाही. छातीकडून वर जात असेल, मी म्हणायचे. असेल म्हणजे काय, तुम्ही म्हणायचात. हा वाद तुम्ही तसाच टाकून गेलात. आता तशा विजारी लोक फोनवरूनच मागवतात. वर्षभरात जोड सुटला की आपल्याकडे घेऊन येतात, आणि मी त्या आतून पाण्याने भरते. गल्लीतल्या बायका अजून बोलून जातात.

तर सुकदेवची विजार. दिवाळी होऊन गेली होती. तुमचा उजवा हात तोवर थरथरायला लागला होता. दवाखान्याच्या गोळ्यांनी तोंडाची चव गेली होती, मिरचीचा ठेचा खाऊन तुम्ही काकडी खाल्ल्यासारखं तोंड करायचात. पण सुकदेव वीस वर्षांचं गिऱ्हाईक. ह्याची मी एकटा करणार, म्हणालात, हात लावू नको. मी लावला नाही. समोर बसून ताडपत्रीला कड्या ठोकत राहिले आणि तुमचा खडू कापडावर वाकडा जाताना बघत राहिले. दोन्ही पाय मिळतात तिथे चार शिलाया एकत्र येतात, तिथे तुमची सुई दोनदा घसरली. मला दिसलं. तुम्हाला दिसलं का, ते मला तेव्हा कळलं नाही.

आणि त्या आठवड्यात नळ आला नाही. ड्रम कोरडा. सुकदेव दारात उभा, त्याला गाडी गाठायची होती. तुम्ही हुकाकडे पाहिलंत, ड्रमकडे पाहिलंत, आणि विजार तशीच गोणीत घालून दिलीत. मी शेजारून चार घागरी मागून आणू शकले असते. गुडघा दुखत होता. नाही गेले.

आठ दिवसांनी तो गोणी घेऊन परत आला. म्हणाला, "नाना, पाणी येस वाटतं." तो तसाच बोलतो, वाटतं लावून, कोणाला दुखवायला नको म्हणून. तुम्ही हात आत घातलात, बोट जिभेला लावलंत. थांबलात. परत लावलंत. मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "सुमनबाई, तू देख जरा."

मी बोट बुडवलं. अळणी होतं, नाना. अळणी, गार, गाळाचा वास येणारं धरणाचं पाणी. गमबुटात चांगलं चार बोटं होतं. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही उजवा हात डाव्या हाताने टेबलावर दाबून धरला होता, थरथर दिसू नये म्हणून. एवढ्या वर्षांत तुम्हाला घाबरलेलं मी पाहिलं नव्हतं.

"खारट आहे," मी म्हटलं. "घाम आहे नाना."

सुकदेवने माझ्याकडे पाहिलं. मग बरं म्हणाला, गोणी उचलली आणि गेला. तुम्ही रेडिओ लावलात.

त्या रात्रीपासून माझं काय झालं ते तुम्हाला माहीत नाही. तो माणूस गळकी विजार घालून थंडीत छातीएवढ्या पाण्यात उभा असणार. भरली आणि पाय गाळात रुतला तर? तुमचेच शब्द. मनात ठरवलं, रविवारी गुपचूप दुसरी करून साक्रीला नेऊन द्यायची. आधी फोन केला. म्हटलं, सुकदेवभाऊ, विजार कशी आहे? तो म्हणाला, बठ्ठं ठीक शे अक्का, थेंब येत नाही. मला वाटलं तुमची अब्रू राखायला बोलतोय. तरी रविवारी गेले नाही. पुढच्या रविवारी तुम्हाला दवाखान्यात घातलं. मग सगळे रविवार तसेच गेले.

सुकदेव येऊन गेला त्याच आठवड्यात, मी फोन करायच्या आधी, तुम्ही एक दिवस दुकानाला आला नाहीत, दोंडाईच्याला पाहुण्यांकडे जातो म्हणालात. दुसऱ्या दिवशी आलात तर पाय सुजलेले. आणि मोठी कात्री माझ्या मशीनवर ठेवून म्हणालात, "आतेपाईन तू बेतजो." एवढी वर्षं कापड बेतायचं ते फक्त तुम्ही. मी चिडले. म्हटलं, पाहुण्यांकडे हिंडायला पाय चालतात आणि इथे काम माझ्यावर. तुम्ही हो-हो म्हणालात. एरवी तुम्ही एवढं ऐकून घेणारे नव्हेत, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

जलदानाचं जेवण झालं. पत्रावळी उचलून झाल्या तसा सुकदेव माझ्याजवळ आला. मी उठून जाणार होते, पण गुडघा. तो खाली बसला आणि म्हणाला, "अक्का, नाना उनथात ना मन्हा घर."

तुम्ही त्याच्या घरी गेला होतात. दोंडाईचा नाही, साक्री. एसटीने, मग पुढे वडापच्या जीपने, पिशवीत सोल्यूशनचा डबा, ट्यूबच्या पट्ट्या आणि काचपेपर घेऊन. त्याच्या ओट्यावर बसून विजार उलटी केलीत, तो चार शिलायांचा जोड काचपेपरने घासलात आणि पट्टी बसवलीत. तुमचा हात थरथरायचा म्हणून पट्टीचं एक टोक त्याच्या बायकोने धरलं. सुकेपर्यंत तिथेच बसलात, दोन कप चहा प्यायलात. मग त्यांच्याकडे विहिरीचं पाणी मुबलक, तर विजार झाडाला टांगून गळ्यापर्यंत भरायला लावलीत. आणि निघताना त्याला म्हणालात, "सुमनबाईले सांगू नको. ती मन्हासाठे खोटं बोलनी."

मी सुकदेवला विचारलं, पण त्यांना कळलं कसं? त्यांच्या तोंडाला तर चवच नव्हती.

त्यानेही तुम्हाला तेच विचारलं होतं म्हणे. तुम्ही हसलात आणि म्हणालात, घाम असता तर ती गटारीपाशी जाऊन थुंकली असती.

नाना, मी तुमच्याशी खोटं बोलले आणि तुम्ही दोंडाईच्याचं नाव सांगून माझ्याशी खोटं बोललात. पुढचे दोन महिने मी रोज दुपारी तुमच्या खाटेशी बसून होते. तुम्हाला माहीत होतं आणि मला सांगावंसं वाटत होतं. मोसंबीच्या फोडी काढून देत होते, आणि आपण बोललो काय, तर त्या राखी विजारीतला घाम कुठे जातो ह्याच्यावर. त्यात तुम्हाला शेवटपर्यंत मजा येत होती. आता वाटतं एकदा मी बोलायला हवं होतं, एकदा तुम्ही बोलायला हवं होतं. पण तुम्ही मला वाचवत होतात आणि मी तुम्हाला. तुम्ही मला माणसात आणलंत, नाना. जाड कापड शिवायला शिकवलंत, आणि माझी चूक माझ्या नकळत निस्तरून आलात, सुजलेल्या पायांनी. एवढं मी तोंडावर कधी म्हटलं नाही.

काल सुकदेवला दुकानात बोलावलं, विजार घेऊन ये म्हटलं. सकाळीच जाळं ओढून तसाच आला. मी विजार वरून मांडीपर्यंत उलटून तुमची पट्टी पाहिली. वाकडी आहे. सोल्यूशन दुप्पट लावलंय, कडेने ओघळलंय, मी अशी लावली असती तर तुम्ही परत करायला लावली असतीत. मग सरळ करून हात खांद्यापर्यंत आत घातला. गमबुटाच्या तळाशी ओल होती. मी बोट तिथे टेकवलं आणि जिभेला लावलं.

खारट होतं, नाना. मी बाहेर गटारीपाशी जाऊन थुंकून आले.